भूपालअण्णांचं पातळ ऑइल

कोल्हापुरात ‘पातळ’ हा शब्द शिवीसारखा वापरतात. दूध पातळ निघालं तर गवळ्याची मोटारसायकल रस्त्यात अडवून त्याला चारचौघांत जाब विचारतात. तांबडा रस्सा मुळात पातळच असतो, पण वर बोटभर तवंग नसला की खानावळवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. लस्सी तर आम्ही पीत नाहीच, चमच्यानं खातो. अशा या आमच्या गावात एका माणसानं तीस वर्षं गाळ्यात बसून लोकांना सांगितलं की बाबांनो, तुमच्या नव्या गाडीच्या इंजिनाला पातळच ऑइल लागतं. त्या माणसाची काय गत झाली असेल याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल, तरी सांगतो.

त्यांचं नाव भूपाल मगदूम. गाव हातकणंगल्याच्या पलीकडचं, घराणं जैन शेतकऱ्यांचं. भावांनी ऊस सांभाळला आणि हे राजारामपुरीत इंजिन ऑइल विकायला आले. लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, आणि ते अनोळखी माणसाला ‘पावणं’ म्हणायचे, ओळखीच्याला नावानं किंवा हुद्द्यानं. दहा बाय बाराचा गाळा, एका अंगाला डोळ्यांचा दवाखाना आणि दुसऱ्या अंगाला आमचा क्लास. त्या क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवतो. दर वर्षी अकरावीच्या पोरांना श्यानता शिकवतो, म्हणजे द्रव किती घट्ट, किती वाहता. सूत्र फळ्यावर लिहितो, खाली दोन रेघा मारतो आणि ‘हे परीक्षेला येतंच’ म्हणून सांगतो. भिंतीपलीकडे तीच श्यानता डब्यांत भरून फळीवर मांडलेली होती आणि दहा वर्षांत मी तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. परीक्षेला येत नव्हती ना.

अण्णांचा शर्ट पांढरा असायचा. ऑइलच्या दुकानात पांढरा शर्ट घालणं हा उद्योग करायला एक तर वेड लागतं नाहीतर माज लागतो, आणि अण्णांकडे दोन्ही पुरेसं होतं. दिवसभर डबे फोडायचे, ओतायचे, गाड्यांच्या बॉनेटखाली वाकायचे, पण संध्याकाळी शर्टावर डाग शोधून दाखवा. कोपऱ्यात लाकडाच्या भुशाची पाटी असायची. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर मूठभर भुसा हातावर चोळायचा, झटकायचा, की हात कोरडे. बोलणं मात्र कधीच असं पुसूनझटकून नसायचं.

मी टर्बो पेट्रोल गाडी घेतली आणि तिची फुकटची सर्व्हिसिंग संपली तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या दुकानाची पायरी चढलो. शिक्षकानं असली गाडी कशाला घ्यावी, हा प्रश्न बायकोनंही विचारला होता आणि तिलाही मी उत्तर दिलं नव्हतं.

“अण्णा, तेल द्या,” मी म्हटलं.

“तेल म्होरल्या गल्लीत, वाण्याकडं. हितं ऑइल मिळतंय.”

“बरं, ऑइल द्या. चांगलं जाड बघून द्या.”

“पुस्तक आणलंय?”

“कसलं पुस्तक?”

“गाडीचं, सर. डॅशबोर्डच्या कप्प्यात असतंय बघा, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवी अजून फोडली नसंल.”

फोडली नव्हती. दोन वर्षं गाडी चालवत होतो आणि पोरांना ‘पाठ्यपुस्तक वाचा रे’ म्हणून ओरडत होतो. मी गाडीतून पुस्तक आणलं. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, बरोबर पान काढलं आणि नख ठेवून दाखवलं. झिरो डब्ल्यू चाळीस.

“यातला डब्ल्यू म्हणजे वेट असणार,” मी म्हणालो. फिजिक्सवाल्यानं गप्प बसणं बरं दिसत नाही.

“व्हय? मग झिरो वेट म्हंजे काय, ऑइल हवंत तरंगतंय?” त्यांनी पुस्तक मिटलं नाही. “डब्ल्यू म्हंजे विंटर. गार असताना ऑइल किती पळतंय त्याचा आकडा. आकडा जेवढा बारका तेवढं गारठ्यात लवकर पळतंय.”

“मग आपल्याला काय करायचंय? कोल्हापुरात कुठली आलीय तसली थंडी?”

“सर, थंडी तुमची न्हाय, इंजनाची. रातभर उभी ऱ्हायलेली गाडी सकाळी गारच असती. ऑइल सगळं खाली बसलेलं. किल्ली फिरवली की ते वर पोचस्तवर लोखंडावर लोखंड घासतंय. तुमच्या टर्बोचं चाक तर मिनटाला लाखाच्या वर फिरतंय. आणि जाड ऑइल म्हंजे सासुरवाडीला निघालेला जावई. येणार, पण त्याच्या सवडीनं.”

पुढचा चाळीस म्हणजे इंजिन तापल्यावर ऑइलला उरणारा दाटपणा, हेही त्यांनी सांगितलं. तो फार कमी झाला तर लोखंडामधला पडदा फाटतो, फार जास्त झाला तर इंजिन उगाच कण्हत फिरतं. मग डबा उलटा करून मागचं बारीक अक्षर दाखवलं. गाडीच्या कंपनीनं हे ऑइल पास केलंय की नाही त्याचा नंबर तिथं असतो आणि तो पुस्तकातल्या नंबराशी जुळला पाहिजे. “पुढं मोठ्या अक्षरात ल्हेलंय ते तुम्हाला विकायसाठी,” ते म्हणाले, “मागं बारीक ल्हेलंय ते इंजनासाठी.” मी दहा वर्षं जे सूत्र शिकवत होतो ते मला त्या दिवशी कळलं. अर्थात पोरांना मी तसं काही सांगितलं नाही.

तर असा हा दुकानदार, गिऱ्हाईक आलं की आधी त्याला घरी पाठवणारा. पुस्तक नाही तर ऑइल नाही. लोक चिडायचे, दुसऱ्या दुकानात जायचे, तिथं त्यांना बसायला खुर्ची आणि हातात जाड ऑइलचा डबा मिळायचा. अण्णांना त्याचं काडीचंही वाटायचं नाही. निदान तसं दिसायचं तरी नाही.

एकदा एक तरुण आला. गाडी साधी, घरातल्या चौघांना देवदर्शनाला न्यायची. पण मागं पंख लावलेला, सायलेन्सर कापलेला आणि काचेवर ‘रेसिंग’ असं लिहिलेलं. त्याला दहा डब्ल्यू साठ पाहिजे होतं, कारण इंटरनेटवर कुणीतरी ते रेसच्या गाडीत ओतताना त्यानं पाहिलं होतं.

“पुस्तकात काय ल्हेलंय?” अण्णांनी विचारलं.

“पुस्तकात पाच-तीस हाय. पर ते साध्या लोकांसाठी ओ अण्णा. आपला विषय हार्ड हाय.”

“रेस कुठं लावतासा?”

“तशी लावत न्हाय. रंकाळ्याला जातो संध्याकाळचं.”

“रंकाळ्याला भेळ खायला जाणाऱ्या इंजनाला साठ कशाला रं बाबा? रेसच्या गाडीचं इंजन दर रेसला खोलत्यात. तुझं खोलायचं हाय काय?”

पोरगं फुगून निघून गेलं. मी दारात उभा होतो. म्हटलं, “अण्णा, दिलं असतं तर काय बिघडलं असतं?” ते म्हणाले, “त्याचंच बिघडलं असतं की.” आणि भुशाच्या पाटीत हात घातला. या माणसाला विनोद कळत नाही असं माझं बरेच दिवस मत होतं.

दुसरी त्यांची खोड म्हणजे दहा मिनिटं. ऑइल ओतलं, इंजिन जरा फिरवलं, बंद केलं, की दहा मिनिटं कुणी ऑइल मोजायची काठी काढायची नाही. ऑइल खाली उतरू द्यायचं आणि मगच पातळी बघायची. कोल्हापुरी माणसाला दहा मिनिटं गप्प उभं करणं ही जगातली सर्वात अवघड गोष्ट असेल. एक ठेकेदार एकदा मोठी काळी गाडी घेऊन आले. पातळी बघितली, दोन खुणांच्या मध्ये. ठेकेदारांना ते अपुरं वाटलं. “अण्णा, घाला की वरनं अर्धा लिटर. कंजूषपणा कशाला?” अण्णा म्हणाले, “हे पंगतीचं वाढप न्हाय, आग्रह कराय. जास्त झालं की फेस येतोय, आणि फेसानं लोखंड भिजत न्हाय.” ठेकेदारांनी परत आग्रह केला. अण्णांनी डबा बंद केला, शटर अर्धं ओढलं आणि सांगितलं की आता सूर्य मावळायला आला, माझी अंथऊची वेळ झाली. अंथऊ म्हणजे जैनांचं दिवसाउजेडी उरकायचं संध्याकाळचं जेवण; सूर्यास्तानंतर ते जेवत नसत. मे महिन्यात साडेपाचला ऊन चांगलं टळटळीत असतं, हे त्यांना कुणी सांगायचं? नको असलेलं गिऱ्हाईक आलं की त्यांचा सूर्य लवकर मावळायचा.

अशा माणसाला कुणीतरी आवडावं हेच नवल. पण रणजित आवडला.

रणजित गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या एका गावातला. वडील केरबा, सगळे आबा म्हणत. वीस-बावीस म्हशी, ट्रॅक्टर, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. पोरानं बाहेरून एक सेकंडहँड स्पोर्ट्स कार आणली. दोन लिटरचं टर्बो इंजिन, आवाज असा की क्लासमधली पोरं खिडकीकडे माना वळवायची आणि माझं गुरुत्वाकर्षण तिथंच संपायचं. तर हा पोरगा पहिल्याच दिवशी दुकानात आला तो काखेत पुस्तक घेऊन. कुणी न सांगता. पानात खूण घातलेली, नंबराखाली पेन्सिलीची रेघ. अण्णांनी त्याला बसायला स्टूल दिलं. त्या दुकानात स्टूल होतं हेच मला तेव्हा समजलं.

“बघा सर,” ते मला म्हणाले, “तुमच्या क्लासात न्हाई ह्यो. तरी वाचतोय.”

रणजितच्या गाडीला अण्णांनी स्वतः ऑइल घातलं, झिरो-चाळीस, पास झालेल्या नंबराचं. टर्बो तापवून गाडी एकदम बंद करायची नाही, मिनिटभर चालू ठेवायची, नाहीतर आतलं ऑइल जळून कोळसा होतो, हेही शिकवलं. पोरगा दर महिन्याला नुसता पातळी दाखवायला यायचा. अण्णा त्याची वाट बघायचे. कबूल केलं नसतं, पण बघायचे.

आणि मग एका पावसाळ्याअखेरी रणजितची गाडी गगनबावड्याच्या रस्त्यावर निळा धूर सोडत उभी राहिली. टर्बो गेला. ट्रकवर घालून शहरातल्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रीनं आतलं ऑइल काढलं आणि म्हणाला, हे ऑइल या गाडीचं नव्हेच. त्याच संध्याकाळी रणजितचा मेसेज आला: ‘राजारामपुरीतल्या भूपाल मगदूमकडून ऑइल घेऊ नका. पाणी मिसळून विकतो. भेसळ आहे. माझ्या इंजिनाची वाट लागली. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.’

कोल्हापुरात पाठवा म्हटलं की पाठवतात. मीही पाठवला. माझ्या फोनात दोनशेवर लोकांची एक यादी आहे, पालक, माजी विद्यार्थी, राजारामपुरीतले ओळखीचे. रोज सकाळी त्यांना माझा सुविचार जातो. त्या संध्याकाळी हा मेसेज गेला, वर माझी स्वतःची एक ओळ जोडून: ‘खात्री करून घ्यावी.’ मी स्वतः खात्री केली नव्हती, ती त्यांनी करायची होती. पाणी आणि ऑइल मिसळत नाही, हे मी सातवीपासून ओळखून आहे. पाणी शिरलेलं ऑइल ताकासारखं पांढरं होतं, हे तर अण्णांनीच मला दाखवलं होतं. पण फॉरवर्ड करताना अंगठ्याला फिजिक्स लागत नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी शटर अर्ध्यावर आणलं आणि पाटी लावली: ‘ऑइलची शहानिशा होईपर्यंत विक्री बंद. भू. मगदूम.’ आमची गल्ली हुशार. लगेच म्हणाली, काहीतरी असणारच, नाहीतर बंद कशाला करील? आणि उघडं ठेवलं असतं तर म्हणाली असती, बघा, लाज आहे का.

मी शटरखालून वाकून आत गेलो. अण्णा स्टुलावर बसले होते. फळीवरचे डबे सगळे तोंड मागं करून ठेवलेले, बारीक अक्षराची बाजू पुढं.

“सर, मला उद्धट म्हणा,” ते म्हणाले. “हट्टी म्हणा. गिऱ्हाईक हाकलतो म्हणा, ते खरंच हाय. पर भेसळ? आमच्यात कीड मरू नये म्हणून पाणी गाळून पित्यात, आणि मी ऑइलात पाणी घालीन? ह्यो शब्द घिऊन मी गावाकडं बस्तीत, आमच्या देवळात कसा जाऊ? देवाम्होरं कसा उभा ऱ्हाऊ?”

एवढी वर्षं मी या माणसाला नुसता तिरसट समजत आलो होतो, आणि समोर बसलेला माणूस घाबरलेला होता. मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “लोक असतात अण्णा, काहीही पसरवतात.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

दोन दिवसांनी ते वर्कशॉपमध्ये गेले आणि रणजितच्या गाडीतून काढलेलं ऑइल बाटलीभर मागून आणलं. मला बोलावलं. दोन बोटांत चोळलं, हुंगलं, उन्हात धरलं. “हे ट्रॅक्टरचं हाय, सर. वीस-चाळीस. मी घातलेलं कुणीतरी काढलंय आणि हे घातलंय.” मग बाटलीला बूच लावत म्हणाले, “त्यांच्यात ट्रॅक्टर हाय न्हवं?”

रविवारी मी त्यांना माझ्या गाडीतून रणजितच्या गावाला घेऊन गेलो. जवळजवळ तासाचा रस्ता. अण्णा शेजारी बसलेले, मांडीवर पिशवी, पिशवीत दोन बाटल्या, एकीत वर्कशॉपमधून आणलेलं ऑइल, दुसरीत दुकानातलं झिरो-चाळीस. एका उसाच्या ट्रॉलीबद्दल सोडलं तर काही बोलले नाहीत. मला वाटलं, दुःखात आहेत, बोलतं करून त्रास नको. मला तर स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटत होती. संकटात शेजाऱ्याला गाडीतून न्यायला कोण येतं हल्ली?

रणजित घरी नव्हता. आबा गोठ्यात होते, पंचाहत्तरीचे, काटक, धार काढून नुकतेच उठलेले. अण्णांना पाहून त्यांचा चेहरा घट्ट झाला, पण घरी आलेल्याला दूध विचारल्याशिवाय भांडायचं नाही ही रीत त्यांनी मोडली नाही. पेले भरायच्या आधी त्यांनी बोट बुडवून एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला आणि आमच्यासमोर धरला. थेंब तसाच उभा.

“बघा,” आबा म्हणाले, “हलतोय का? ह्याला म्हणायचं दूध. पाणी असतं तर पळाला असता.”

अण्णांनी पेला खाली ठेवला. “आबा, गाडीचं ऑइल बी असंच नखावर घेतलासा काय?”

आबांनी लपवाछपवी केली नाही. उलट मान ताठ केली. “व्हय, घेतलं. काठी उपसली, थेंब घेतला, तर सुसाट पळाला की. पाणीच ते. पोरगं तुमच्यावर इस्वास ठेवून बसलेलं. त्याला सांगितलं असतं तर तुमच्या दुकानात येऊन हाणामारी केली असती. म्हणून ते मित्राच्या लग्नाला गेलतं तवा आमच्या ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला बोलवलं, तुमचं पाणी काढून टाकलं आणि नवं कोरं ऑइल घातलं. रेडकाला पातळ दूध पाजून ते जगतंय व्हय?”

“आणि रणजितला?”

“टर्बो गेल्यावर सांगितलं की अण्णानं पाणी घातलेलं, मी सोता बघितलंय म्हणून.” मग आवाज जरा उतरला. “बदललं ते न्हाय सांगितलं. त्याच्या गाडीला हात लावलेला त्याला खपत न्हाय.”

मला वाटलं, आता अण्णा फाडून खाणार. पुस्तक न आणणाऱ्याला न सोडणारा माणूस. पण त्यांनी पिशवीतून दोन्ही बाटल्या काढल्या आणि आबांच्या सुनेला विचारलं, फ्रीजमध्ये जरा ठेवता का? आम्ही अर्धा तास तिथं बसलो, म्हशींकडे बघत. मग अण्णांनी एक परात मागवली, तिरकी धरली आणि वरच्या काठावर दोन्ही बाटल्यांतून थोडं थोडं ओतलं. पातळ ऑइल सरसर खाली आलं. ट्रॅक्टरचं काठाशीच बसलं, मग पोट धरून हळूहळू निघालं.

“सकाळी किल्ली फिरवली की आत ह्ये असं हुतंय,” अण्णा म्हणाले. “हे खाली येस्तवर टर्बो कोरडा फिरला. रोज. आणि घाटात तापल्यावर ह्येचाच आत कोळसा झाला.”

आबा परातीकडे बघत राहिले. “म्हंजे पोराचं इंजन मी मारलं,” ते म्हणाले.

अण्णांनी परात सरळ केली आणि फडक्यानं तिचा काठ पुसायला घेतला. “ट्रॅक्टरला तेच बरोबर हाय, आबा,” ते म्हणाले. “ह्या गाडीचं येगळं. आणि दूध बघायची रीत दुधाला बरोबर हाय.”

“रणजितला सांगणार तुम्ही?”

“मी कशाला सांगू? तुमचा पोरगा हाय.”

“मग तुमचं दुकान?”

“ते बंदच हाय की,” अण्णा म्हणाले आणि उठले.

याला कुणी मोठं मन म्हणेल. मी म्हणणार नाही. हा माणूस गिऱ्हाइकालाही उत्तर स्वतः देत नसे, पुस्तक उघडून त्याच्याकडून वाचून घेई. आबांच्या बाबतीतही त्यानं तेच केलं. त्यांच्या तोंडून यायला पाहिजे म्हणून अडून बसला, आणि त्यापायी आपलं दुकान कायमचं बंद पडलं असतं तरी चाललं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवरच्या दुधाच्या रांगेत, सगळं गाव किटल्या घेऊन उभं असताना, आबांनी आपली किटली खाली ठेवली आणि मोठ्यानं सांगितलं की ऑइल मी बदललं, मगदूमांनी पाणी घातलं नव्हतं, माझ्या अडाणीपणानं त्यांच्या तोंडाला काळं लागलं. रणजित रांगेतच होता. बापाची किटली त्यानं उचलली आणि मापाला लावली. दुपारी तो राजारामपुरीत येऊन अण्णांच्या पाया पडायला वाकला. अण्णांनी त्याला वरच्या वर धरला. “पाया राहू दे. नवा टर्बो बसवलास तर ऑइल कुठलं घातलंय ते सांग आधी.”

संध्याकाळी रणजितनं दुसरा मेसेज टाकला: ‘मगदूम अण्णांबद्दल माझा गैरसमज झाला होता. त्यांचं ऑइल शुद्ध होतं. चूक आमची. माफ करा. हेही सगळ्यांना पाठवा.’ आमच्या गल्लीच्या ग्रुपवर त्याला दोन अंगठे आणि एक जोडलेले हात आले. पहिला मेसेज मला सात ठिकाणांहून आला होता, हा एकाच ठिकाणाहून. मी तो वाचला तेव्हा क्लास चालू होता. म्हटलं, नंतर पाठवू.

अण्णांनी पाटी काढली, शटर वर केलं. आली ती गिऱ्हाइकं मोजकीच, पुस्तक घेऊन येणारी. बाकीच्यांना भेसळ तेवढी लक्षात राहिली. एकदा पेट्रोल पंपावर मी स्वतः ऐकलं, एकजण दुसऱ्याला सांगत होता, राजारामपुरीत एक म्हातारा आहे, ऑइलमध्ये पाणी घालतो. मी त्याला थांबवून खरं सांगायला हवं होतं. मागची गाडी हॉर्न वाजवत होती, मी निघालो.

दोन वर्षांनी अण्णांनी गाळा सोडायचं ठरवलं. भाऊ थकले होते, ऊस बघायला कुणी नव्हतं, असं कारण त्यांनी सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी ते सोयीनं मान्य केलं. शेवटच्या आठवड्यात मी ऑइल बदलायला गाडी घेऊन गेलो. फळ्या जवळजवळ रिकाम्या होत्या. त्यांनी झिरो-चाळीसचा डबा काढला, नंबर मला दाखवला, ओतला, इंजिन फिरवून बंद केलं. मग आम्ही दोघं दहा मिनिटं उभे राहिलो. पांढरा शर्ट, एक डाग नाही. मला भरून आलं. वाटलं, माणूस चाललाय, मनातलं एकदा सांगून मोकळं व्हावं. हसून ‘सोडा हो सर’ म्हणतील आणि विषय संपेल.

“अण्णा, एक सांगायचं राहिलंय,” मी म्हणालो. “तो भेसळीचा मेसेज तेव्हा मीही पुढे पाठवला होता. कुणी तुम्हाला बोललं असेल तर...”

“कुणी कशाला बोलाय पायजे?” त्यांनी काठी उपसली, फडक्यानं पुसली, परत आत घातली. “मला तो तुमच्याकडनंच आलता.”

मला यादी आठवली. राजारामपुरीतले ओळखीचे. रोजचा सुविचार त्यांना जात होता, तसाच तोही गेला होता. शटरखालून वाकून मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्यांना माहीत होतं. तासभर गाडीत माझ्या शेजारी बसले होते तेव्हाही माहीत होतं.

“दुसरा न्हाय आला,” अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी माफी मागितली असती. त्यांनी काठी पुन्हा काढली, उजेडात धरून मला दाखवली. पातळी दोन खुणांच्या बरोबर मध्ये होती. मग बॉनेट खाली घेतलं, दोन्ही हातांनी दाबून बसवलं आणि माझ्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं.

“झालं काम,” ते म्हणाले. “सावकाश जावा, पावणं.”